नायक उदंड झाले, नेता कोठे आहे?

येथे डोंबिवलीत काही महिन्यांपूर्वी एका बालकथा-स्पर्धेचे परीक्षण करण्याचा योग आम्हांस आला. गठ्ठ्यातील बहुतेक कथांत चार-पाच मुलांची एक टोळी होती, एक भुयार होते, एक तस्कर होता आणि अर्थातच एक म्होरक्या होता. म्होरक्या सर्वांत धीट, सर्वांत हुशार. बहुधा सर्वांत उंचही. उरलेल्यांचे काम 'आता काय रे करायचं?' एवढेच विचारण्याचे. परीक्षकांच्या बैठकीत एका सहकाऱ्यांनी या म्होरक्यांच्या 'नेतृत्वगुणां'ची मुक्तकंठाने वाखाणणी केली. तेथे जे आम्हांस धड बोलता आले नाही, ते येथे लिहीत आहोत.

पराक्रम हा नायकाचा गुण आहे, नेत्याचा नव्हे. आपल्या बालवाङ्मयाने आणि त्याहून अधिक आपल्या वर्गांतील प्रश्नोत्तरांनी या दोहोंची इतकी सरमिसळ केली आहे, की 'नेत्याचे गुण लिहा' म्हटले की विद्यार्थी डोळे मिटून शौर्य, चातुर्य, प्रसंगावधान अशी यादी खरडतो आणि आपण त्यास पूर्ण गुण देतो. टोळीच्या नेत्याची परीक्षा आम्ही निराळ्या प्रश्नाने करू: टोळीतल्या सर्वांत दुबळ्या मुलाला त्याने खरे काम दिले का? ज्याच्यावाचून कथा अडेल, असे काम?

या कसोटीवर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे उतरत नाही, हे लिहिताना हात अडखळतो. (आमची अर्धी उन्हाळी सुट्टी त्याच्या सायकलीमागे धावण्यात गेली आहे.) फुरसुंगीचा हा काडीपैलवान मराठी बालवाङ्मयातील सर्वांत जिवंत मुलगा आहे, यात शंका नाही. परंतु तो नेता नाही. त्याचा पिंडच एकट्याने सुटण्याचा. माली असो, सुभाष देसाई असो, ती त्याची माणसे आहेत, त्याचा संघ नव्हे. भागवतांनी तसा दावाही केलेला नाही. दावा केला तो पुढच्यांनी. त्यांनी बन्याचा वेग उचलला, त्याची धांदल आणि फजिती मात्र वगळली, आणि भोवती चार होयबा उभे करून त्यास 'टोळी' म्हटले. २०१७ च्या चित्रपटात खुद्द भागवतच पात्र म्हणून अवतरले, दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने. शाळकरी बन्या मात्र तरुण होऊन गेला. असो.

एनिड ब्लायटनची पाच जणांची टोळी तर याहून सोपी. ज्युलियन नेता का, तर तो थोरला म्हणून. ॲन मागे का, तर ती धाकटी म्हणून. घरातली उतरंड बेटावर नेली, इतकेच.

आता एरिख केस्टनरचे 'एमिल' पाहा; १९२९ चे पुस्तक. आगगाडीत एमिलचे पैसे चोरीस जातात आणि बर्लिनमधील अनोळखी मुले चोराच्या मागे लागतात. हॉर्नवाला गुस्ताव मुले गोळा करतो, 'प्रोफेसर' नावाचा मुलगा आखणी करतो. नेतृत्व हातोहात फिरते आणि त्यावाचून कोणाचे नाक कापले जात नाही. पण आम्हांस मोह पडतो तो डीन्स्टाग नावाच्या चिमुरड्याचा. त्यास काम मिळते घरी टेलिफोनपाशी बसण्याचे. सगळी धमाल रस्त्यावर चाललेली, आणि हा पोरगा फोनजवळ. त्यास जावेसे वाटत नाही असे नव्हे. तो जात नाही. शेवटी कौतुकाच्या गर्दीत एमिलची आजी नेमके त्याचेच नाव घेते. केस्टनरने शौर्याची व्याख्या येथे निमूटपणे बदलली आहे, आणि ज्या टोळीत असा मुलगा आपली जागा सोडत नाही, तिचे नेतृत्व चांगले असलेच पाहिजे.

मराठीत याच्या जवळ जाणारे काय? मिलिंद बोकीलांची 'शाळा' (२००४), जी मुळी मुलांसाठी लिहिलेलीच नाही. नववीतले जोशी, सुऱ्या, चित्रे, फावड्या, बाहेर आणीबाणी. सुऱ्या दांडगा आहे, पण त्याच्या दांडगाईस कादंबरी नेतृत्व म्हणत नाही. चौघांत पुढे कोण, हे प्रसंग ठरवतो.

'मुलांना वेग लागतो, हे समानतेचे धडे नकोत', असा आक्षेप येईल. डीन्स्टागच्या फोनमुळे 'एमिल'चा वेग कोठे मंदावला, ते आक्षेपकांनी दाखवावे. आणि ज्या गावातली माणसे रोज सकाळी लोकल पकडतात, तेथे तरी हा आक्षेप शोभत नाही. गाडी थांबण्याआधी उडी घेऊन खिडकी पटकावणारा प्रत्येक गटात असतो; गट त्याचे कौतुक करतो. पण गटाचा मुख्य म्हणून मान मिळतो तो ठाणे-मुलुंड येताच न सांगता उठणाऱ्यास, कोणाची पाठ दुखते हे ठाऊक असणाऱ्यास. आपली मुले हे डब्यात पाहतात. मग पुस्तकात त्यांना फक्त उडी मारणाराच का भेटावा?

त्या गठ्ठ्यात एक कथा निराळी होती. टोळीची म्होरकी एक मुलगी. भुयाराच्या तोंडाशी धाकट्याला दम लागतो. ती सर्वांना घेऊन माघारी फिरते. तस्कर निसटतो. कथेस बक्षीस मिळाले नाही. 'शेवट कमकुवत', असा शेरा पडला. त्या शेऱ्याखाली तिघांच्या सह्या आहेत. त्यांतली एक आमची.