दहा मिनिटांत गाडी कळत नाही

२०२५च्या मे महिन्यात फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय भारतात विकायला काढली. पहिल्या खेपेत १५० गाड्या, सगळ्या बाहेर तयार होऊन आलेल्या. बुकिंग करायचं तर आधी कंपनीच्या वेबसाइटवर त्या गाडीबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. म्हणजे गाडीने गिऱ्हाइकाची परीक्षा घेतली! गिऱ्हाइकाने गाडीची घ्यायची परीक्षा मात्र राहूनच गेली, कारण किंमत जाहीर व्हायच्या आधीच बुकिंग भरलं होतं. किंमत नंतर कळली, एक्स-शोरूम जवळपास ५३ लाख. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्कोडाच्या ऑक्टाव्हिया आरएसच्या १०० गाड्या अशाच हातोहात गेल्या.

रत्नागिरीत बसून आपल्याला काय करायचंय त्याचं, असं तुम्ही म्हणाल. ५३ लाख म्हणजे आपल्याकडे बंगला होतो, हे खरंच. पण न चालवता गाडी पसंत करायची सवय काही ५३ लाखांवर थांबत नाही. कॉलेजच्या पार्किंगमध्ये उभे राहा आणि ऐका. चाकणला बनायची ती पोलो जीटी आता बंद झाली, म्हणून सेकंड हँडमध्ये शोधणारे आहेत. पुण्यात पहिली नोकरी लागली की हप्त्यावर ‘काहीतरी स्पोर्टी’ घ्यायचं ठरवून बसलेले आहेत. आंब्याचा सीझन बरा गेला तर बाबांना पटवायच्या तयारीत असलेलेही आहेत. यातल्या बहुतेकांचा निर्णय झालेला असतो. तो मोबाइलवर झालेला असतो, सायलेन्सरच्या आवाजाची तीस सेकंदांची रील बघून. टेस्ट ड्राइव्ह उरते ती फक्त हौसेपुरती.

आणि ती असते तरी कशी? सेल्समन शेजारी, एसी फुल्ल, गाणी चालू. शोरूमच्या दारातून निघायचं, मोठ्या रस्त्याला एकदा जोरात दाबायचं, पाठ सीटला चिकटली की मित्राने मागून ‘खतरनाक’ म्हणायचं, साळवी स्टॉपला वळसा मारून परत यायचं. दहा मिनिटं. आपण पाचशे रुपयांची जीन्स यापेक्षा जास्त वेळ घालून बघतो.

आमचं म्हणणं असं आहे, की वेगवान गाडीची टेस्ट ड्राइव्ह हळू घ्यायला हवी. ती जोरात पळते हे तुम्हाला माहीतच आहे, ते कंपनीने छापूनच दिलंय. शून्यापासून शंभरपर्यंत किती सेकंदांत, हा आकडा रत्नागिरीत तपासायला जागा नाही आणि सार्वजनिक रस्त्यावर तो तपासूही नये. जे छापलेलं नाही ते तपासायचंय. ही गाडी आपल्या घरापर्यंत पोचते का?

गतिरोधकच घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे गाडी त्यावर हळूच चढते आणि उतरते. आता तुमच्या वाडीतला गतिरोधक डोळ्यांसमोर आणा. तो बहुतेक वेळा कुणीतरी रागाच्या भरात घातलेला असतो. उंची भरपूर, रुंदी वीतभर. बुटकी गाडी त्यावर पोट घासते, तिरकी घेतली तरी घासते. चार माणसं बसवली की आणखी घासते, कारण गाडी वजनाने खाली बसते. म्हणून टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका, गाडी भरून जा. आणि सेल्समनला म्हणा, आमच्या घरापर्यंत जाऊन येऊया. दोन्ही बाजूंना जांभ्याचा गडगा असलेल्या वाटेतून गाडी आत जाते का, घाटीचा चढ जिथे संपतो तिथे पुढचा बंपर टेकतो का, खळ्यात वळते का की रिव्हर्सनेच बाहेर काढावी लागते, हे पाच मिनिटांत कळतं. बुकिंगचे पैसे भरल्यावर हेच कळायला फार महाग पडतं.

मग राम आळीत न्या, संध्याकाळी सहाला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या काही प्रकारांना, त्यातही दोन क्लचवाल्यांना, मुंगीच्या गतीने चालणं आवडत नाही. गाडी हिसके देते, अर्धा फूट पुढे जाते, पुन्हा थांबते. हायवेवर लोण्यासारखी चालणारी गाडी बाजारात वैताग आणते. तुमचं रोजचं आयुष्य त्या बाजारात आहे. टर्बो इंजिनाचंही एक असतं. पाय दाबला की क्षणभर काहीच होत नाही आणि मग एकदम धक्का बसतो. सरळ रस्त्यावर तो धक्का म्हणजे मजा. आंबा घाटातल्या वळणावर पुढे धुकं आणि समोरून ट्रक असताना तोच धक्का काय करेल, याचा विचार शोरूमच्या गारव्यात सुचत नाही.

पावसाचं तर बोलायलाच नको. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे चार महिने रस्ता ओलाच. स्पोर्ट्स कारचे टायर रुंद असतात. कोरड्यात ते घट्ट धरतात, पण साठलेल्या पाण्यावर अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगायला लागतात. त्या टायरच्या कडेची भिंतही बुटकी असते, त्यामुळे पाण्याखाली लपलेल्या खड्ड्याची कड लागली की थेट रिमवर येतं. बारावीच्या फिजिक्समधलं एक गणित इथे कामाचं आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर चौपट होतं. ताशी ६० किलोमीटरने जाताना तुम्ही सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे जाता. १२०ला ३३ मीटर. समोर गाय दिसली आणि पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला, तर तेवढं अंतर ब्रेक लागायच्या आधीच संपलेलं असतं. गाय आहे तिथेच असते.

इथपर्यंत गाडीची परीक्षा झाली. चालवणाऱ्याची परीक्षा ही त्याहून मोठी गोष्ट आहे, आणि तीही टेस्ट ड्राइव्हमध्येच व्हायला हवी.

१९ मे २०२४ची पहाट आठवा. पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे टायकनने दुचाकीला उडवलं. दुचाकीवरचे दोघं तरुण इंजिनिअर, तुमच्या-आमच्याहून थोडेच मोठे, गेले. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता आणि दारू प्यायलेला होता, असं पोलिसांचं म्हणणं. त्याला जामीन मिळाला तेव्हाच्या अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट होती, त्यावरून देशभर संताप उसळला. त्या गोंधळात एक लहानशी गोष्ट मागे पडली. त्या गाडीची महाराष्ट्रातली कायमची नोंदणीच पूर्ण झालेली नव्हती, १,७५८ रुपये शुल्क भरायचं राहिलं होतं. कोटींच्या घरातली गाडी रस्त्यावर, आणि दोन हजारांच्या आतलं शुल्क बाकी. गाडी घ्यायला वेळ होता, बाकी कशालाच नव्हता.

मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने १९९अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक जबाबदार धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. तुम्ही अठरा पूर्ण केलेले आहात, तुम्हाला हे लागू नाही, ठीक. पण तुमचा धाकटा भाऊ घरात असेल आणि चावी फ्रिजवर असेल तर ही माहिती फ्रिजवर चिकटवायला हरकत नाही.

लायसन असणं आणि ही गाडी चालवता येणं यात फरक आहे. ज्याने आजवर बाबांची जुनी वॅगन आर चालवलीय, त्याच्या पायाला तिच्या अॅक्सिलरेटरची सवय असते. तोच पाय अडीचशे हॉर्सपॉवरवर ठेवला की काय होतं हे त्या पायाला माहीत नसतं. म्हणून टेस्ट ड्राइव्हला पहिली वीस मिनिटं काही सिद्ध करू नका. मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागे कुणी नाही हे बघून, चाळिसाच्या वेगाने नीट ब्रेक दाबा. पेडल किती खोल जातं, एबीएस पायाला कसं जाणवतं, गाडी सरळ थांबते का, ते बघा. आरे-वारेचा रस्ता या कामाला घेऊ नका. तिथे समुद्राकडे बघत रस्त्याच्या मधोमध सेल्फी काढणारे पर्यटक असतात, आणि फोटो काढून घेणाऱ्याला मागून येणारी गाडी दिसत नाही. आणि उतरल्यावर स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, घाबरलो होतो का? घाबरला असाल तर उत्तम, तुमचं डोकं जागेवर आहे. अजिबात घाबरला नसाल तर आम्हाला तुमची जास्त काळजी वाटते.

मुलींना एक स्वतंत्र सांगणं. गाडी तुमच्यासाठी घ्यायची असेल, पैसे तुमच्या पगारातून जाणार असतील, तरी चावी सोबत आलेल्या भावाच्या किंवा काकांच्या हातात दिली जाते आणि ‘ताई, तुम्ही मागे बसा ना, कम्फर्ट बघा’ असं म्हटलं जातं. बसू नका. सीट तुमच्या उंचीला लावून घ्या, बॉनेटची कड कुठे संपते ते दिसतंय का बघा, आणि तुम्हीच चालवा. काकांना मागचा कम्फर्ट बघू दे.

काकांवरून आठवलं, आईलाही न्याच. हसू नका. आपल्याकडे गाडी एकट्याची नसते. हप्ता तुमचा असला तरी लग्नाला, दवाखान्यात आणि गणपतीला सगळे त्यातूनच जाणार. जमिनीला टेकलेल्या सीटमधून गुडघे दुखणाऱ्या आईला उठता येत नसेल तर ती काही बोलणार नाही, नुसती ‘मी रिक्षाने येते’ म्हणेल. डिकीत आंब्याच्या पेट्या किती मावतात हेही बघा, पुण्याच्या मामांकडे रिकाम्या हाताने जायची आपल्याकडे पद्धत नाही. आणि सेल्समनला विचारा, या गाडीचा एक टायर केवढ्याला, तो रत्नागिरीत मिळतो का, आणि सर्व्हिसिंगला कोल्हापूर गाठावं लागणार का. कोल्हापूर म्हणजे एका बाजूला सव्वाशे किलोमीटरच्या वर आणि मध्ये घाट.

सेकंड हँड घेत असाल तर गाडीआधी कागद चालवून बघा. भारतातली पहिली सुपरकार म्हणून गाजलेली डीसी अवंती २०१२च्या ऑटो एक्स्पोत दाखवली गेली, तेव्हा आपण शाळेत होतो आणि वहीच्या मागच्या पानावर ती काढायचो. डिसेंबर २०२०मध्ये तिचे निर्माते दिलीप छाब्रिया यांना मुंबई पोलिसांनी अटक केली. एकाच गाडीवर अनेक कर्जं काढली, एकच इंजिन आणि चेसिस नंबर एकापेक्षा जास्त गाड्यांना वापरला, असा पोलिसांचा आरोप होता. कोर्टात जे व्हायचं ते होवो, आपल्यासाठी त्यातलं काम साधं आहे. बॉनेट उघडून चेसिस नंबर आरसी बुकाशी अंक न अंक जुळवायचा आणि गाडीवर कर्जाचा बोजा आहे का ते परिवहनच्या अॅपवर बघायचं. मालकाला सांगायचं, मी सकाळी येतो, तोवर गाडी चालू करू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर त्याने ती आधी चालू करून ठेवलीय, आणि थंड इंजिन सुरू होताना काय आवाज काढतं ते त्याला ऐकवायचं नसावं. गाडीखाली वाकून पोटावरचे ओरखडे बघा, म्हणजे आधीच्या मालकाच्या गावातले गतिरोधक कळतील.

शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्हआधी एका कागदावर सही घेतात. वाचून करा. डेमो गाडीचा विमा आहे का आणि ठोकली तर खर्च कुणाचा, हे त्यात लिहिलेलं असायला हवं. नसेल तर विचारा. दहा मिनिटं देत असतील तर एक तास मागा, आणि नाही म्हणाले तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जा. एवढ्या पैशांचं गिऱ्हाईक सही होईपर्यंत राजा असतं, सही झाल्यावर त्याला फोन लावून वाट बघावी लागते. जुलैत अपॉइंटमेंट घेतली असेल तर सकाळी फोन येईल, पाऊस फार आहे, उद्या ठेवूया का? तेव्हा नको म्हणा. आजच येतो म्हणून सांगा.