विश्लेषण : घसा बरा झाला, मग हृदयाचे ठोके का बिघडले?

पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, तो देशातच पेनिसिलिन बनवण्यासाठी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने त्याला मदत केली. ऱ्हुमॅटिक फीव्हर, म्हणजे संधिवाताचा ताप आलेल्या मुलांचे हृदय वाचवणारे मुख्य औषध आजही पेनिसिलिनच आहे. अवघड आहे ते वर्षानुवर्षे वेळेवर घेणे.

हा ताप कशामुळे येतो?

स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूमुळे घसा दुखतो आणि बराही होतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघे-घोटे आळीपाळीने सुजतात. जीवाणूशी लढणारी प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटलेली असते. 5 ते 15 वर्षांच्या मुलांना, त्यातही दाटीवाटीच्या घरांत राहणाऱ्यांना धोका जास्त.

ठोके का बिघडतात?

हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून निघालेला विद्युत संदेश खालच्या कप्प्यांत उशिरा पोहोचतो. ईसीजीवर ‘पीआर’ अंतर वाढलेले दिसते. निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘जोन्स निकषां’त ही एक खूण आहे. मुलाला बहुधा काही जाणवत नाही. क्वचित संदेश पूर्ण अडतो आणि चक्कर येते. उपचारांनी सूज उतरली की ठोके सहसा पूर्ववत होतात. कायमचा पेसमेकर क्वचितच लागतो.

मग काळजी कशाची?

ईसीजी सुधारला म्हणजे झडपा सुरक्षित आहेत, असे नाही. त्यासाठी इको तपासणी लागते. ताप उलटला की झडपांना आणखी इजा होते. पुढे झडप अरुंद होऊन ठोके कायमचे अनियमित होऊ शकतात, हृदयात गुठळी होते आणि ऐन कमावत्या वयात पक्षाघात गाठतो.

चाकण पट्ट्यात अडते कुठे?

ताप उलटू नये म्हणून बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन दर 21 दिवसांनी, किमान 5 वर्षे घ्यावे लागते. झडपा बिघडल्या असतील तर आणखी बरीच वर्षे. कंत्राटी कामगाराचे काम सुटले की भाड्याची खोली सुटते, मुलाची शाळा आणि दवाखानाही बदलतो. इथेच तारीख चुकते. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांमधील हा हृदयविकार शोधला जातो. पण निदानानंतरची प्रत्येक तारीख घरच्यांनाच सांभाळावी लागते. म्हणून घर बदलताना आधार कार्डासोबत इंजेक्शनच्या नोंदींचा कागद आणि जुना ईसीजीही पिशवीत हवा.