रस्ता खणण्याआधी विचारा

रत्नागिरीच्या बाजारपेठेत काय हवे, हे रत्नागिरीकरांना नीट ठाऊक आहे. रामआळीत खरेदीला आलेली बाई सांगेल की दुचाकींच्या रांगेतून दुकानाच्या पायरीपर्यंत पोचणेच कठीण होते. गोखले नाक्यावरचा दुकानदार सांगेल की माल उतरवण्याची वेळ ठरवून दिली, तर दिवसभराचा खोळंबा टळेल. गावाहून एसटीने आलेली आजी सांगेल की बाजार उरकल्यावर गाडीची वेळ होईपर्यंत सावलीत टेकायला जागा हवी आणि स्वच्छ मुतारी हवी. या सगळ्या सूचना शहाण्या आहेत आणि फार खर्चाच्याही नाहीत. पण त्या चहाच्या टपरीवर, दुकानाच्या गल्ल्यापाशी बोलल्या जातात आणि तिथेच विरतात. त्या लिहून घेणारी आणि त्यांना उत्तर द्यायला बांधलेली सभा शहरात नाही. शहराच्या मध्यवस्तीचा मूळ प्रश्न मला हाच वाटतो.

शहराची हद्द ओलांडून कुवारबावला किंवा शिरगावला जा. तिथल्या माणसाला ग्रामसभा आहे. वर्षातून किमान चार वेळा ती भरवावी लागते, आणि गटाराचा, दिव्याचा, पाणंदीचा प्रश्न तिथे उभा राहून विचारता येतो. रामआळीतल्या रहिवाशाला ग्रामसभा नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने शहरांना अधिकार दिले, पण प्रभाग समित्यांची सक्ती तीन लाख आणि त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांपुरती ठेवली. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी शहराची लोकसंख्या सुमारे ७६ हजार होती. म्हणजे गावाला सभा आहे, महानगराला समिती आहे आणि मधल्या आकाराच्या शहराला यातले काहीच नाही. त्यात २०२१च्या अखेरीस नगर परिषदेची मुदत संपली आणि पुढची चार वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. नळपाणी योजनेसाठी रस्ते खणले गेले, बुजवले गेले, पुन्हा खणले गेले. त्या काळात दाद मागायला प्रभागाचा नगरसेवकही नव्हता. डिसेंबर २०२५मध्ये निवडणूक झाली आणि शहराला पुन्हा लोकनियुक्त सभागृह मिळाले. विचारण्याची वेळ आता आहे.

काय विचारायचे, तेही ठरवू. पहिली गोष्ट चालण्याची. भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की पदपथावर किमान १.८ मीटर रुंदी मोकळी हवी आणि त्याची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा पादचाऱ्याचा हक्क जगण्याच्या मूलभूत हक्कात मोडतो, असे स्पष्ट केले. आपल्या जुन्या आळ्या अरुंद आहेत, तिथे दोन्ही बाजूंना एवढी रुंदी मिळणार नाही, हे मान्य. पण मग अशा आळीत गर्दीच्या वेळी गाडी कशाला हवी, हा प्रश्न विचारायलाच हवा. पुणे महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर फक्त चालणाऱ्यांसाठी ठेवला आणि पुढच्या वर्षांतही तो प्रयोग केला. रामआळीत महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी चार ते नऊ हे करून पाहता येईल. माल सकाळी नऊच्या आत उतरवायचा, रुग्णवाहिकेला वाट मोकळी ठेवायची आणि वृद्धांना ने-आण करायला रिक्षाची सोय आळीच्या तोंडाशी करायची.

व्यापाऱ्यांना धंदा बसण्याची भीती वाटते, आणि ती रास्त आहे; नुकसान झाले तर ते त्यांच्याच खिशातून जाणार आहे. म्हणूनच आधी प्रयोग करावा, त्या दिवशीच्या आणि एरवीच्या रविवारच्या विक्रीची नोंद व्यापाऱ्यांनीच ठेवावी आणि तीन महिन्यांनी ती सभेत मांडावी. आकडे विरोधात गेले तर प्रयोग थांबवावा.

दुसरी गोष्ट पावसाची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस घेणाऱ्या शहरात रस्त्याचा आराखडा गटारापासून सुरू व्हायला हवा. डांबरावर डांबर आणि त्यावर काँक्रीट चढले की रस्ता दुकानाच्या जोत्याच्या वर जातो आणि जूनमधले पहिले जोराचे पाणी सरळ उंबरठ्यावर येते. कुठल्या वळणावर पाणी तुंबते, कुठल्या गटाराचे झाकण दरवर्षी वाहून जाते, हे त्या आळीत चाळीस पावसाळे काढलेल्या माणसाइतके कुणालाच माहीत नसते. काम निघण्याआधी त्याला विचारले, तर अभियंत्याचे कामच सोपे होईल.

तिसरी गोष्ट पाखाड्यांची. मारुती मंदिर, माळनाका हा भाग वर सड्यावर आणि जुना बाजार खाली समुद्राच्या बाजूला. वरून खाली उतरणाऱ्या जांभ्याच्या पाखाड्या मोटारी येण्याच्या कितीतरी आधीपासूनच्या. गाडीने वळसा घेऊन जावे लागते, तिथे पाखाडीने माणूस थेट उतरतो. त्यांवरचे शेवाळ पावसाळ्यात दोनदा घासून काढले, हाताला धरायला कठडा बसवला आणि संध्याकाळी दिवा लावला, तर शाळेतली मुले आणि कामावर जाणाऱ्या बायका त्या निर्धास्त वापरतील. नव्या रस्त्याला भूसंपादन लागते. इथे जागा आधीच सार्वजनिक आहे.

चौथी गोष्ट विक्रेत्यांची. मिरकरवाडा, राजिवड्याहून मासे घेऊन येणाऱ्या बायका, पहाटे भाजी घेऊन उतरणारे गावकरी, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या मांडणारे बागायतदार यांच्यावाचून रत्नागिरीचा बाजार हा बाजारच राहणार नाही. २०१४चा पथविक्रेता कायदा त्यांना संरक्षण देतो. शहर विक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतः निवडलेले असावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. तेव्हा बाजार सुधारायचा म्हणजे आधी टोपल्या उचलायच्या, ही रीत सोडायला हवी. छप्पर, पाण्याचा नळ, माशांचे पाणी वाहून जायला उतार आणि आखून दिलेली जागा एवढे दिले, तर रस्ताही मोकळा राहील. १९३१ साली भागोजीशेठ कीर यांनी खर्च उचलला, सावरकरांनी पुढाकार घेतला आणि पतितपावन मंदिर सर्व जातींसाठी खुले झाले, ते याच शहरात. सार्वजनिक जागा कुणाची, हा वाद रत्नागिरीने तेव्हा घातला होता. आज तोच प्रश्न मासेवालीच्या, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाच्या आणि शिमगा-गणपतीला आलेल्या चाकरमान्याच्या आईच्या बाजूने विचारायचा आहे.

एवढ्या लोकांनी एकत्र बसून रस्त्याचे ठरवायचे, हे जमेल का, असे विचारणाऱ्यांनी शिमगा आठवावा. बारा वाड्यांचे ग्रामदैवत श्री देव भैरीची पालखी निघते, तेव्हा ती केव्हा कुठे जाणार, कुठे थांबणार, हे आधी ठरलेले असते. मानकरी, वाड्यांतली माणसे, पोलीस, नगर परिषद सगळे आपापले काम ओळखून असतात. वाहने थांबतात, रस्ता पायी चालणाऱ्यांचा होतो आणि झाडगावच्या सहाणेवर अवघे शहर लोटते. थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कल ही संस्था संगीत महोत्सव भरवते, तेव्हा एरवी पर्यटकांनी पाहून जायची वास्तू शहराची बैठक होते. सामायिक जागा सांभाळण्याची शिस्त आपल्याकडे आहे. तिला वर्षभराची व्यवस्था मिळालेली नाही.

ती व्यवस्था अशी असावी. नगर परिषदेने ठराव करून प्रत्येक प्रभागात वर्षातून दोन सभा घ्याव्यात: एक पावसाळा संपल्यावर आणि दुसरी अर्थसंकल्प मांडण्यापूर्वी. कायद्याची त्याला मनाई नाही. त्यातली एक सभा संध्याकाळी उशिरा असावी, म्हणजे दुकानदार आणि नोकरदार येतील. एक बायकांच्या सोयीच्या वेळी असावी. बाजारपेठेचा मोठा नकाशा नगर परिषदेत आणि १८२८ साली स्थापन झालेल्या आपल्या नगर वाचनालयात भिंतीवर लावावा, म्हणजे सभेत बोलायला संकोचणारा माणूसही त्यावर खूण करून जाईल. गोगटे-जोगळेकर महाविद्यालयाचे आणि शासकीय तंत्रनिकेतनाचे विद्यार्थी पदपथ, गटारे, पाखाड्या मोजून देऊ शकतील. प्रत्येक सूचनेला महिन्याभरात लेखी उत्तर मिळावे: करू, अमुक वर्षी करू, किंवा या कारणाने करता येणार नाही.

पैशाचा वाटाही आधी बाजूला काढावा. पुणे महापालिकेने २००६-०७पासून नागरिकांच्या सूचनांसाठी अर्थसंकल्पात तरतूद करायला सुरुवात केली. तिथला अनुभव सगळाच उत्साहाचा नाही. प्रसिद्धी कमी, अर्ज थोडे आणि बऱ्याचशा सूचना बाके आणि फरशांच्या. त्यातून शिकायचे ते हे की नुसता अर्ज भरून घेतल्याने सहभाग होत नाही. माणसे समोरासमोर बसली, एकाची गरज दुसऱ्याने ऐकली आणि मागच्या सभेतले काम डोळ्यांसमोर झालेले दिसले, तरच ती पुढच्या सभेला येतात. मोठ्या आवाजाची चार माणसे सभा ताब्यात घेतील, ही शंकाही खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे सूचना लेखी घेणे, प्राधान्य मतदानाने ठरवणे आणि इतिवृत्त भिंतीवर लावणे.

म्हणून नव्या नगराध्यक्षांकडे आणि नगरसेवकांकडे माझी मागणी एकच आहे. येत्या अर्थसंकल्पाआधी बाजारपेठेच्या प्रभागात पहिली सभा बोलवा. कंत्राटदाराचे फावडे जमिनीला लागण्यापूर्वी कामाचा नकाशा लोकांपुढे ठेवा. आणि आपण रत्नागिरीकरांनी एवढे करावे: सभेची तारीख लागली की जाऊन बसावे, आपल्या आळीतली एक अडचण आणि तिच्यावरचा एक उपाय कागदावर लिहून न्यावा, आणि पुढच्या सभेत त्याचे काय झाले ते उभे राहून विचारावे.