भाताचं गणित आमचं, दंड मावशींना!

होस्टेलवर राहणाऱ्या प्रत्येकाला रेक्टरांबद्दल आणि मेसच्या भाताबद्दल मत असतंच. रेक्टरांबद्दल लिहायची माझी छाती नाही (टर्मच्या शेवटी नो-ड्यूजवर सही त्यांचीच लागते), तेव्हा भाताबद्दल लिहितो.

मेसमधली तक्रारवही कधी चाळून बघा. ‘भात गिचका.’ ‘भात पुन्हा गिचका.’ ‘आजच्या भाताने विटा जोडता येतील – एक सिव्हिलवाला.’ कुणीतरी लाडवाचं चित्र काढून, बाण करून खाली ‘राईस’ असं लिहिलंय. चित्र छान आहे, खोटं कशाला बोला. याच वहीच्या जोरावर मागच्या टर्मला मेस कमिटीत ठराव आला : ज्या दिवशी भात गिचका होईल त्या दिवशी स्वयंपाकाच्या मावशींच्या पगारातून ५० रुपये कापायचे. सात जणांनी हात वर केले. त्यातला एक हात माझा होता. तो ठराव मागे घ्यावा असं आता माझं स्पष्ट मत आहे, आणि त्यासाठी आधी माझा गुन्हा कबूल करणं भाग आहे.

ठरावाच्या आधी महिनाभर मी एक तक्ता बनवला होता. ‘तांदूळ १ : पाणी २’. स्केच पेनने ठळक लिहून, लॅमिनेट करून किचनच्या भिंतीवर डकवला. घरी आई एका वाटीला दोन वाट्या पाणी घालते आणि भात मोगऱ्याच्या कळ्यांसारखा होतो, तर इथे का होऊ नये, एवढाच माझा विचार. मावशी तक्त्याकडे बघून म्हणाल्या, “बाळा, एवढं पानी न्हाई लागत रं एवढ्या तांदळाला.” मी त्यांना रेशो म्हणजे काय ते समजावून सांगितलं. थर्ड इयर मेकॅनिकलचा विद्यार्थी, समजावणारच! त्या बिचाऱ्या गप्प बसल्या आणि तक्त्याप्रमाणे पाणी मोजून घालायला लागल्या. तक्रारवहीतली ती सगळी पानं त्यानंतरची आहेत.

हे मला कळलं ते मेस ड्यूटीच्या आठवड्यात. सकाळी दहापासून किचनमध्ये उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा डोक्यात प्रकाश पडला. भातात घातलेलं पाणी दोन ठिकाणी जातं. काही तांदूळ पितो, काही वाफ होऊन उडतं. तांदूळ पितो ते पाणी तांदळाच्या प्रमाणात वाढतं, इथपर्यंत माझा रेशो बरोबर. पण उडणारं पाणी तांदळाला विचारत नाही. ते भांड्याचं तोंड किती मोठं, झाकण किती घट्ट, आच किती आणि किती वेळ यावर ठरतं. घरच्या छोट्या पातेल्यात दोन वाट्यांपैकी बरंचसं पाणी वाफेतच जातं. आपल्या मेसमध्ये एका वेळी १८ किलो तांदूळ शिजतो. तिथे ३६ किलो पाणी ओतलं तर उडून उडून उडणार किती? उरलेलं तांदळालाच प्यावं लागतं, दाणा फुटेपर्यंत. मावशींना हे समीकरण मांडता येत नसेल, पण उत्तर त्यांना आधीपासून येत होतं. आम्हाला समीकरण येत होतं आणि उत्तर चुकलं. व्हायवाला अशा वेळी एक्स्टर्नल काय करतात ते आपल्याला माहीत आहे. इथे दंड मात्र मावशींना.

बरं, एवढ्यावर भागत नाही. चहाचा कप पाच-दहा मिनिटांत निवतो, बादलीभर कढत पाणी तासाभरानंतरही हात लावू देत नाही, हे हीट ट्रान्सफर न शिकलेल्यालाही ठाऊक असतं. आकार वाढतो त्या मानाने पृष्ठभाग वाढत नाही, म्हणून आतली उष्णता आतच कोंडते. घरचा कुकर उतरवला की भात शिजायचा थांबतो. मेसचं पातेलं उतरवल्यावर मधला भात पुढचा अर्धा-पाऊण तास आपला आपण शिजतच राहतो. त्यात जेवण साडेबाराला आणि भात साडेअकरालाच तयार, कारण त्यानंतर चारशे पोळ्या लाटायच्या असतात आणि शेगड्या दोनच. म्हणजे भात झाकलेला, वरच्या थराचं वजन खालच्यावर आणि झाकणाखाली साठलेल्या वाफेचं पाणी पुन्हा भातात. ज्यांचं प्रॅक्टिकल दीडला सुटतं त्या फर्स्ट इयरवाल्यांच्या ताटात तळचा भात पडतो. तक्रारवहीतलं अक्षरही बहुतेक त्यांचंच आहे, मी बॅचप्रमाणे पडताळून पाहिलं.

आता तांदळाकडे येऊ. भात सुटा की चिकट हे पुष्कळसं शेतातच ठरलेलं असतं. तांदळातल्या स्टार्चमध्ये दोन जाती, एक सरळ साखळीचा अमायलोज, दुसरा फांद्या फुटलेला अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त असेल तर दाणे सुटे राहतात, कमी असेल तर एकमेकांना धरून बसतात. हडपसरहून पन्नासेक किलोमीटरवर वडगाव मावळचं भात संशोधन केंद्र आहे. आंबेमोहोर १५७ आणि फिलिपिन्सहून आलेला आयआर-८ यांच्या संकरातून तिथे १९८७ साली इंद्रायणी निघाला. आयआर-८ चा भात कोरडा, फडफडीत; पीक मात्र भरघोस. इंद्रायणीत वास आणि मऊपणा आंबेमोहोराकडून आला. म्हणजे इंद्रायणी चिकटणार, तो त्याचा स्वभाव आहे. त्याच्याकडून बासमतीसारखं वागायची अपेक्षा करणं म्हणजे कबड्डीच्या टीमला टेबल टेनिसला उतरवणं.

आणि तांदूळ जुना की नवा? आपल्या आज्या दुकानदाराला हा प्रश्न पहिला विचारत. खरिपाचा भात दिवाळीच्या आसपास कापणीला येतो, नवा तांदूळ थोड्याच दिवसांत दुकानात दिसतो. नवा तांदूळ पाणी कमी पितो, लवकर मऊ होतो आणि चिकटतो. वर्षभर मुरलेला तांदूळ जास्त पाणी पितो, फुगतो आणि सुटा राहतो. पण वर्षभर साठवायचा म्हणजे व्यापाऱ्याचे पैसे अडकतात, म्हणून जुना महाग. आमच्या ठेकेदारांनी काय केलं असेल ते सांगायला नको. गेल्या डिसेंबरात, ऐन ओरल्समध्ये, कोठीतल्या पोत्यातला तांदूळ मी मुठीत घेऊन पाहिला. नवाच होता. पोतं ठेकेदारांनी आणलं, पाणी मी ठरवलं, वेळ कॉलेजच्या टाइमटेबलने ठरवली. या सगळ्यात मावशींचा दोष नेमका कुठे बसतो ते ठराव मांडणाऱ्यांनी मला फळ्यावर काढून दाखवावं.

कुणी म्हणेल, पूर्वी याच मेसमध्ये भात मोकळा व्हायचा. सीनियर्स तसं सांगतात आणि ते खरं आहे. तेव्हा मावशी भात वेळत असत. शब्द जुना आहे, निम्म्या होस्टेलला माहीतही नसेल. भरपूर पाण्याला आधण आणायचं, धुऊन निथळलेले तांदूळ त्यात वैरायचे, शीत बोटाने चेपून बघायचं, मधे बारीक कणी लागते न लागते तोच तोंडावर वेळणी धरून पाणी काढून टाकायचं आणि मग मंद आचेवर वाफ जिरू द्यायची. पाण्याचं प्रमाण मोजायची भानगडच नाही, नको ते पाणी आणि सुटलेला स्टार्च दोन्ही बाहेर. पेजेबरोबर थोडं बी जीवनसत्त्वही जातं, पण आमटीत पेज घातली तर तेही वाचतं. मग मावशींनी ही पद्धत सोडली का? मी विचारलं. त्यांनी पदर बाजूला करून उजवा हात दाखवला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी वेगळ्याच रंगाची आहे. उकळत्या पाण्याचं ते पातेलं दोघी मिळून कलती करत होत्या, एकीची पकड सुटली. त्यानंतर पातेलं कलतं करायचं नाही असं त्यांनीच ठरवलं. वहीत ‘भात गिचका’ लिहिताना हे आपल्याला माहीत नव्हतं. मला तरी नव्हतं.

भाजायची भीती न ठेवता भात वेळता येतो, हेही मला याच गावात कळलं. आषाढी वारीला पुण्याहून निघालेल्या दोन्ही पालख्या हडपसरपर्यंत एकाच रस्त्याने येतात आणि इथून वाटा वेगळ्या होतात. ज्ञानोबांची पालखी दिवे घाटाने सासवडला, तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला. त्या दिवशी गाडीतळाजवळच्या एका मांडवात आम्ही एनएसएसवाले वाढायला होतो. तिथले आचारी आपल्या पातेल्याच्या तिप्पट पातेल्यात भात करत होते, पण पातेलं कुणी हलवतही नव्हतं. लांब दांड्याच्या जाळीच्या झाऱ्याने ते शिजलेला भात वर उचलायचे, क्षणभर निथळवायचे आणि बांबूच्या पाटीत टाकायचे. पाणी पातेल्यातच राहायचं. बिर्याणीवालेही असंच करतात म्हणे. पाटीत पसरल्यामुळे भात आपोआप निवायचा, पुढे शिजत बसायचा नाही. एवढं साधं! असा एक झारा आणि चार पाट्या यांची किंमत आपल्या गॅदरिंगच्या बॅनरपेक्षा कमी होईल.

इथे एक वेगळी गोष्ट बोलून घेतो, नाहीतर आमच्या रूमवरची दंगल पुन्हा सुरू होईल. मोकळा म्हणजेच चांगला, हे मला मान्य नाही. माझा रूम पार्टनर आजऱ्याचा. त्याच्या गावचा घनसाळ आणि आपल्याकडचा मुळशीचा आंबेमोहोर, दोघांनाही २०१६ साली जीआय मानांकन मिळालं. हे दोन्ही भात मऊच असतात आणि मऊ असण्यातच त्यांची चव आहे. वरणभाताची मूद बासमतीची पाडून बघा, ताट उचलेपर्यंत ढासळते. उलट मसालेभात आसट झाला की त्यात जीव राहत नाही. दुसरा पार्टनर भंडाऱ्याचा, त्याला चिन्नोरपुढे सगळे तांदूळ फिके. तिसरा लातूरचा, तो म्हणतो भाकरी द्या, भाताचं तुमचं तुम्ही बघा! मुद्दा असा, की आसट भात वेगळा आणि गिचका भात वेगळा. आसट भातात दाणा आतपर्यंत शिजलेला असतो आणि जिभेवर विरघळतो. गिचक्या भातात दाणा बाहेरून फुटलेला, आतून कधी कधी कच्चा आणि ताटाला पाणी सुटलेलं. आपल्या वहीत दोघांना एकच शब्द आहे. निदान तक्रार तरी नेमकी लिहावी, आपण इंजिनिअर होणार आहोत.

तेव्हा माझं म्हणणं असं. दंडाचा ठराव रद्द करावा आणि आजवर कापलेले पैसे परत द्यावेत. वहीतल्या नोंदीप्रमाणे असे ११ दिवस आहेत, म्हणजे ५५० रुपये. हात वर करणाऱ्या सात जणांनी ते भरावेत, माझा वाटा मी सेक्रेटरीकडे दिला आहे. तांदळाचं पोतं घेताना कमिटीतल्या दोघांनी ठेकेदारांबरोबर दुकानात जावं आणि जुना कोलम मागावा. महिन्याला थोडे पैसे वाढले तर वाढू देत. मेनूत ज्या दिवशी वरण किंवा पिठलं असेल त्या दिवशी खुशाल इंद्रायणी करावा, फक्त त्याला पाणी मावशींच्या अंदाजाने. १८ किलो एकदम न शिजवता ९-९ किलोचे दोन घाणे काढावेत, दुसरा एक वाजता, म्हणजे दीडला येणाऱ्यांनाही ताजा मिळेल. त्या वेळी पोळ्यांना हात कमी पडतील हे मावशींनी आधीच सांगितलंय, म्हणून एक मदतनीस वाढवावा लागेल. यावर ठेकेदार कुरकुर करणार. करू देत.

रात्रीच्या उरलेल्या भाताबद्दलही एक सांगतो. सकाळी त्याचा फोडणीचा भात झकास मोकळा होतो, कारण थंड होताना अमायलोज पुन्हा घट्ट होतो आणि दाणे टणक होतात. पण तो भात रात्रभर ओट्यावर उघडा राहता कामा नये. भातातल्या काही जिवाणूंचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत, उबेत वाढतात आणि पोट बिघडवतात. फ्रीजमध्ये जागा नाही असं मला सांगण्यात आलं. जागा आहे, खालच्या दोन कप्प्यांत आपल्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या आहेत.

माझा तक्ता मी परवा भिंतीवरून काढला. मावशींनी विचारलं, “आता काय लावनार हितं?” मी म्हटलं, “तुम्ही सांगा, मी लिहितो.” त्या म्हणाल्या, नवं पोतं आलं की आधी दोन वाट्या शिजवून बघायचा, मग पाणी ठरवायचं. तेवढं लिहून दिलंय, या वेळी साध्या कागदावर. कमिटीची बैठक येत्या शुक्रवारी रात्री जेवणानंतर मेसमध्येच आहे. मावशींनाही बोलावलंय.