Explained: गरोदरपणात धावणं कितपत सुरक्षित? कधी थांबायचं, कधी सुरू ठेवायचं?

सांगली : विश्रामबागमध्ये सकाळी सहाच्या सुमारास शंभर फुटी रस्ता असो वा विलिंग्डन कॉलेजचा परिसर, धावणाऱ्यांमध्ये महिलांची संख्या लक्षात येण्याजोगी असते. कुणी मॅरेथॉनसाठी धावते, कुणी वजनासाठी, तर कुणी पोलीस भरतीसाठी. यातल्या एखादीला दिवस गेले, की घरातून पहिली सूचना येते, 'आता धावणं बंद!' ही सूचना शास्त्राला धरून आहे का? जाणून घेऊया.

डॉक्टरांची भूमिका कशी बदलली?

अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1985 मध्ये गरोदर महिलांसाठी हृदयाचे ठोके मिनिटाला 140 च्या आत ठेवण्याची मर्यादा घातली होती. 1994 मध्ये ती काढून टाकण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गुंतागुंत नसलेल्या गरोदर महिलेने आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम करावा. आधीपासून नियमित धावणाऱ्या महिलांना ते सुरू ठेवता येतं. मात्र, आयुष्यात कधीच न धावलेल्या महिलेने गरोदरपणात धावायला सुरुवात करू नये. तिच्यासाठी चालणं उत्तम.

धावल्याने गर्भपात होतो का?

ही सर्वांत मोठी भीती. सुरुवातीच्या महिन्यांतील सुमारे निम्मे गर्भपात गर्भातील गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात. त्यामुळे 'धावली म्हणून असं झालं' असा दोष देणं चुकीचं आहे.

ब्रिटनमधील 1,293 धावपटू महिलांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. गरोदरपणात धावणं सुरू ठेवलेल्या आणि थांबवलेल्या महिलांच्या बाळांचं वजन किंवा प्रसूतीचा आठवडा यात लक्षणीय फरक आढळला नाही. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून झालेल्या प्रसूतींचं प्रमाण मात्र धावणाऱ्यांमध्ये 27 टक्के, तर थांबलेल्यांमध्ये 22 टक्के होतं.

शरीरात नेमकं काय बदलतं?

गरोदरपणात रक्ताचं प्रमाण 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं आणि हृदयावरचा भार वाढतो. सांधे सैल होतात. पोट पुढे आल्याने तोल बदलतो. त्यामुळे नेहमीच्या वेगाने धावताना दम लवकर लागतो आणि पडण्याचा धोका वाढतो.

घड्याळापेक्षा सोपी कसोटी म्हणजे बोलण्याची. धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आलं, तर वेग ठीक. शब्द तुटायला लागले, तर वेग कमी करा.

सांगलीत कोणती काळजी घ्यावी?

विश्रामबागचा परिसर सपाट आहे, ही जमेची बाजू. साताऱ्यातील यवतेश्वर घाटासारखे चढ-उतार मात्र या काळात टाळलेले बरे. उन्हाळ्यात शरीराचं तापमान फार वाढणं, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, बाळासाठी चांगलं नाही. त्यामुळे ऊन चढण्याआधी घरी परतावं, पाणी सोबत ठेवावं. पावसाळ्यात खड्ड्यांच्या रस्त्याऐवजी मैदान निवडावं.

दुसरा मुद्दा रक्ताचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रातील सुमारे 46 टक्के गरोदर महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. धावण्याआधी हिमोग्लोबिन तपासणं म्हणूनच गरजेचं. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर महिलांची मोफत तपासणी होते.

कुणी धावूच नये?

• वार खाली असल्यास किंवा गर्भाशयाच्या मुखाला टाका घातला असल्यास
• अंगावरून रक्त जात असल्यास किंवा पाणी गेलं असल्यास
• गरोदरपणातला रक्तदाब, तीव्र रक्तक्षय, हृदय किंवा फुप्फुसाचा गंभीर आजार असल्यास
• मुदतपूर्व प्रसूतीचा धोका असल्यास. जुळं असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नाही

धावताना रक्तस्राव, चक्कर, छातीत दुखणं, तीव्र डोकेदुखी, पोटरीला सूज किंवा ठरावीक अंतराने कळा आल्यास तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा.

भरतीच्या 800 मीटरचं काय?

खरा पेच इथे आहे. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत महिलांना 800 मीटर धावावं लागतं आणि गुण वेळेवर मिळतात. आरोग्यासाठी धावताना वेग कमी करता येतो. इथे एकेका सेकंदावर नोकरी अवलंबून असते. त्यामुळे दिवस गेल्याचं लपवून जीव तोडून धावण्याचा मोह होऊ शकतो.

अमेरिकेची ऑलिम्पिक धावपटू अलिशिया मोंटानो 2014 मध्ये 34 आठवड्यांची गरोदर असताना हेच अंतर राष्ट्रीय स्पर्धेत धावली. तिने 2 मिनिटे 32 सेकंद घेतले, म्हणजे स्वतःच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा सुमारे 35 सेकंद जास्त. जिंकण्यासाठी ती धावलीच नव्हती आणि तिच्यावर डॉक्टरांचं लक्ष होतं. भरतीच्या मैदानावरची उमेदवार या दोन्ही बाबतींत वेगळी असते. तिने आधी डॉक्टरांना सांगावं आणि वैद्यकीय प्रमाणपत्रासह चाचणीपूर्वीच भरती कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा.

बाळंतपणानंतर कधी?

ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टच्या 2019 च्या सूचनांनुसार किमान तीन महिने धावू नये. सिझेरियन झालं असेल, तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. आधी चालणं, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम आणि मग हळूहळू धावणं.

थोडक्यात, 'धावू नकोस' आणि 'बिनधास्त धाव' हे दोन्ही सल्ले सरसकट देता येत नाहीत. पहिल्या तपासणीतच डॉक्टरांना विचारा : 'मी आठवड्याला इतकं धावते, सुरू ठेवू का?' उत्तर प्रत्येकीचं वेगळं असेल.