कवडीमोल? छे, भाव बोला!

ऑक्सिडाइज्ड झुमके, त्यांना लाल-निळ्या मण्यांची झालर आणि मधोमध दोन कवड्या. फ्रायडेला कॉटनच्या कुर्त्यावर हे घातलं की ऑफिसात किमान तिघी तरी विचारणार, 'कुठून गं?' उत्तरं ठरलेली. कुलाबा कॉजवे, तुळशीबाग नाहीतर गोव्याला गेलो होतो तेव्हा अंजुनाचा बुधवारचा बाजार. पुढचा प्रश्नही ठरलेला, 'कितीला पडलं?' तिसरा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. 'केलं कुणी?'

आज या तिसऱ्या प्रश्नाबद्दल बोलू या. त्यासाठी तुम्हाला जरा लांब यावं लागेल. थेट परभणी जिल्ह्यात, मानवतला.

परभणीहून पाथरीकडे निघालं की वाटेत मानवत लागतं. मराठवाड्यातली कापसाची नावाजलेली बाजारपेठ. आता कापसाचा आणि मण्यांचा काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे, पण उलटा. कापूस पिकवणारा गाडी भरून बाजारात येतो आणि 'आज काय भाव?' असं विचारतो. भाव दुसराच कुणी ठरवतो. हाताने मणी ओवणारी, कवड्या टाकणारी बाई मात्र आपल्या मालाचा भाव स्वतः सांगू शकते. निदान सांगू शकायला हवी. घोडं तिथेच अडलंय.

कवडीची गोष्ट

परभणी जिल्ह्यात, विशेषतः जिंतूर, सोनपेठ, गंगाखेड भागात, बंजारा समाजाचे तांडे आहेत. फेटिया, काचळी, डोक्यावरची ओढणी आणि या सगळ्यावर आरसे, नाणी, मणी, कवड्या. जुन्या पिढीतल्या बायकांनी हे कधी विकायला केलं नाही. स्वतःसाठी केलं, लेकीच्या लग्नासाठी केलं. रेल्वे आणि पक्के रस्ते येण्याआधी हाच समाज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरायचा. लष्कराच्या छावण्यांना रसद पुरवणारे तेच. रेल्वे आली आणि त्यांचा धंदा बसला. वर इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि ठिकठिकाणी या समाजावर तो शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला. महाराष्ट्रात बंजारा आजही 'विमुक्त जाती' या वर्गात मोडतात, ते त्यामुळेच.

आणि कवडी? मालदीवच्या समुद्रातून आलेली कवडी आपल्याकडे कित्येक शतकं सुट्टे पैसे म्हणून चालली. तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यात ती माळ होऊन बसली, बंजारा बाईच्या कपड्यावर ती दागिना झाली. म्हणजे ही मंडळी अक्षरशः चलन अंगावर घालत होती! पुढे कवडी चलनातून गेली आणि मराठीत उरला एक शब्द, कवडीमोल. गंमत म्हणजे आज आपण कवडीच्या कामाला नेमका तोच भाव देतोय.

कॅल्क्युलेटर काढा

पटत नाही? मोबाइल हातात आहेच, हिशोब करू. समजा, काचमणी आणि कवड्यांचा एक भरगच्च हार आहे. साहित्य १४० रुपयांचं. ओवायला, गाठी मारायला, कवड्या बसवायला लागले १० तास. पॅकिंग आणि कुरिअर ९० रुपये. तुटफूट, परत आलेला माल, प्रदर्शनाला जायचं भाडं, हे सगळं एका हारामागे ८० रुपये धरू.

आता मजुरी. उगाच आयटीतला रेट लावू नका. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे आठ तासांच्या हिशोबाने तासाला ३९ रुपये. दहा तासांचे झाले ३९०. एकूण बेरीज ७००. यात नफा एक पैसा नाही, कलेचं मोल तर नाहीच नाही. माती खणण्याची मजुरी तेवढी धरली आहे.

हाच हार आपण 'भैया, साडेतीनशेला द्या ना' म्हणत घासाघीस करून उचलतो. साडेतीनशेतून साहित्य, कुरिअर आणि इतर खर्च वजा करा. उरले ४० रुपये. दहा तासांचे. तासाला चार रुपये! आपण त्याच संध्याकाळी कॉफीवर उडवतो त्यात तिचे कित्येक दिवस निघतील.

म्हणून घरबसल्या असा धंदा सुरू करणाऱ्या कुणालाही पहिला सल्ला एकच. आधी घड्याळ लावा. एक नग करायला किती वेळ लागला हे वहीत लिहा. बहुतेक जणी साहित्याचा खर्च धरतात, त्यात थोडे पैसे मिळवतात आणि भाव सांगतात. वेळ धरतच नाहीत, कारण 'घरीच तर बसून केलं!' अहो, हिंजवडीतला मुलगाही घरी बसूनच काम करतो. त्याचा पगार कुणी कापला का?

खरा कॉम्पिटिटर कोण?

मार्केटिंगवाले विचारतात तसं विचारू. या धंद्याचा स्पर्धक कोण? मशीनवर बनलेला स्वस्त माल? तोही आहे. पण मराठवाड्याच्या तांड्यावर खरा स्पर्धक आहे कोयता.

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. मराठवाड्यातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात, त्यात बंजारा कुटुंबंही मोठ्या संख्येने असतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत सुटका नसते. परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. आता कॅलेंडर बघा. दिवाळीची खरेदी, लग्नसराई, शहरांतली प्रदर्शनं, सगळं याच महिन्यांत! मण्यांना गिऱ्हाईक असतं तेव्हा मणी ओवणारे हात उसाच्या फडात असतात.

म्हणजे हा धंदा जमायचा असेल तर पैसा दिवाळीआधी हातात पडायला हवा. फेब्रुवारीत 'वा, किती सुंदर काम!' म्हणून काय उपयोग? जुलै-ऑगस्टमध्ये ऑर्डर, सोबत निम्मी रक्कम ॲडव्हान्स आणि माल हातात आला की उरलेली लगेच. उचल आणि ॲडव्हान्स यांत फरक एवढाच की उचल माणसाला बांधते आणि ॲडव्हान्स त्याला घरी राहू देतो. एखादी आई त्या वर्षी फडावर गेली नाही तर तिच्या मुलांची शाळा मध्येच सुटत नाही. एका हाराचं वजन एवढं असू शकतं.

हे कुणी करून दाखवलंय का?

हो तर! कर्नाटकात बल्लारी जिल्ह्यातल्या संडूरला. तिथे बंजारांना लंबाणी म्हणतात. संडूर कुशल कला केंद्र या संस्थेने १९८० च्या दशकापासून तिथल्या बायकांचं भरतकाम बाजारात आणलं. 'संडूर लंबाणी एम्ब्रॉयडरी'ला आता भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय आहे. २०२३ च्या जुलैमध्ये हम्पीत जी-२० च्या बैठकीच्या वेळी साडेचारशेहून जास्त लंबाणी कारागिरांनी केलेल्या १,७५५ वस्तू एकत्र मांडल्या गेल्या आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. तोच टाका, त्याच कवड्या. फरक पडला तो संघटनेने आणि नावाने.

नावावरून आठवलं. अमेरिकेत 'इंडियन बीडवर्क' म्हटलं की आपलं काम नव्हे, तिथल्या मूळ रहिवाशांचं मणीकाम. लाकोटा, झुनी अशा जमातींचं. लाकोटा आधी साळिंदराच्या काट्यांनी नक्षी करत. युरोपातले व्यापारी काचमणी घेऊन आले आणि त्यांनी ते आपलेसे केले. पुढे बाजारात नकली 'इंडियन' मालाचा सुळसुळाट झाला. म्हणून १९९० साली तिथे कायदाच झाला. मूळ रहिवाशांनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकली तर अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'केलं कुणी?' हा प्रश्न तिकडे कायद्याने विचारला जातो.

आपल्याकडे २०२५ च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या, तेव्हा केवढा गजहब झाला! कंपनीला मूळ परंपरा मान्य करावी लागली. त्या आवाजात दम होता, कारण कोल्हापुरीला नाव होतं आणि २०१९ पासून जीआयही होता.

चला, कामाला लागा

तुमची मावशी-आत्या मानवत-जिंतूरकडे असेल किंवा शनिवार-रविवारी तुम्ही स्वतःच मणी ओवत असाल, तर या टिप्स कापून ठेवा.

माल पारखून घ्या. ओल्या पांढऱ्या फडक्यावर मणी घासून बघा. रंग सुटला तर तो वरून रंगवलेला, घामाने उतरणार. काचेतच रंग असलेला मणी थोडा महाग पडतो, पण गिऱ्हाईक परत येतं. पुण्यात रविवार पेठ, मुंबईत भुलेश्वर, दोन्हीकडे चक्कर मारा.

दोऱ्यात कंजूषी नको. साधा सुती दोरा घामाने कुजतो, मण्यांसाठी नायलॉनचा बारीक दोरा बरा. गाठ कशी मारायची ते गावातल्या पटवेकऱ्याकडून शिका. त्याच्यासारखी गाठ यूट्यूबवालाही मारत नाही.

कागदपत्रांना घाबरू नका. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि फुकट होते. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. बचत गट असेल तर 'उमेद'च्या माध्यमातून मुंबईतल्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात स्टॉल मिळू शकतो. माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, १९७५ पासून याच कामासाठी आहे.

आणि प्रत्येक नगाला एक छोटी चिठ्ठी लावा. करणारीचं नाव, तिचं गाव आणि किती तास लागले. अर्थात नाव तिला विचारूनच. 'जिंतूर तालुका, १० तास' एवढं वाचल्यावर घासाघीस करणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो.

आणि मंडळी, तुम्हाला नुसतं विकत घ्यायचं असेल तर? मग तुमचं काम सगळ्यात सोपं. पुढच्या वेळी 'कितीला?' विचारायच्या आधी 'केलं कुणी?' विचारा. उत्तर मिळालं तर सांगितलेला भाव द्या. नाहीच मिळालं तर समजा, कुणाचे तरी दहा तास तुम्हाला फुकटात मिळताहेत. घालवेल का ते गळ्यात?