उजनीतल्या बोटींची मालकी कागदावर आणा



२१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून (ता. करमाळा) कळाशीकडे (ता. इंदापूर) निघालेली बोट वादळी वाऱ्यात उजनी जलाशयात उलटली आणि दोन लहान मुलांसह सहा जण गेले. त्याआधी एप्रिल २०१७ मध्ये याच पाण्यात सहलीला आलेले चार डॉक्टर बुडाले होते. दोन्ही वेळा लाइफ जॅकेटची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण या पाण्यावर इंजिनाच्या बोटी किती, त्या कोणाच्या नावावर आणि गेल्या वर्षभरात कोणी कोणाला विकल्या, हे कुठल्या दप्तरात पाहायचे?

जुनी दुचाकी विकतानाही आपण आरटीओचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरतो. काठावर मात्र माणसे वाहून नेणारी बोट इसार देऊन, रोख मोजून, इंजिन चालू करून पाहिले की दुसऱ्याची होते. वस्तू विक्री कायदा, १९३० नुसार तोंडी व्यवहारही वैध आहे. पण तंटा झाला तर तो सिद्ध कशाने करणार? उजनी जलाशय ज्या नदीवर आहे, त्या भीमेतून बेकायदा वाळू उपसणाऱ्या बोटी महसूल व पोलिसांची पथके पकडतात आणि जिलेटिनने उडवतात. कामगार पाण्यात उड्या टाकून पसार होतात, मालक मोकळा राहतो. अशी एखादी बोट काही महिन्यांपूर्वी एखाद्या साध्या मच्छीमाराने विकलेली असली, तर कागदाशिवाय त्याने आपली सुटका कशी करून घ्यावी?

म्हणून खरेदी-विक्रीचा करारनामा करावाच. त्यात दोघांची नावे-पत्ते, बोटीची लांबी-रुंदी, ती लाकडी, पत्र्याची की फायबरची, इंजिनाचा नंबर, ठरलेली किंमत आणि ताबा दिल्याची तारीख व वेळ लिहावी. कर्ज बाकी असेल किंवा बोट सरकारी अनुदानातून घेतली असेल, तर तेही लपवू नये. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि इंजिनाचे मूळ बिल खरेदीदाराकडे द्यावे.

पण करारनामा म्हणजे नोंदणी नव्हे. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ प्रमाणे नदी-तलावांतल्या यांत्रिक बोटींना नोंदणी, तपासणी आणि विमा आवश्यक आहे. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. खरी अडचण इथेच आहे. मंडळाचा सारा कारभार कोकण किनाऱ्याभोवती फिरतो; करमाळ्याच्या मच्छीमाराने दिवसाची मजुरी बुडवून मुंबईचे हेलपाटे घालावेत, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

कागदाने बोट तरत नाही, असे काही जण म्हणतील. मात्र नोंदणीसाठी तपासणी होते, तपासणीत किती माणसे बसवायची हे ठरते आणि तो आकडा बोटीवर रंगवला की प्रवाशालाही बोलता येते. विमा असला तर मागे राहिलेल्या कुटुंबाला काही आधार मिळतो. कुगावहून जलाशयापलीकडे नेणारा पूल होईल तेव्हा होईल, तोवर माणसे पाण्यातूनच जाणार आहेत.

सोलापूर आणि पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना विनंती आहे, की सागरी मंडळ, जलसंपदा आणि मत्स्यव्यवसाय विभागाला एकत्र आणून करमाळा, टेंभुर्णी आणि भिगवण येथे दर वर्षी पावसाळ्यापूर्वी नोंदणी शिबिरे घ्यावीत. मालकी बदलाचे अर्जही तिथेच स्वीकारावेत आणि पहिल्या वर्षी नोंदणी नसल्याबद्दलचा दंड माफ करावा.

— एक वाचक, करमाळा (जि. सोलापूर)